गावात नगरपरिषदेची बातमी कोणी वाचत नाही, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातला तरुण दोन वर्षांपासून व्हॉट्सॲपवर गावाच्या बातम्या देतो. तीनेक हजार माणसं जोडली गेली आहेत. निधनवार्ता आणि अपघात सगळे वाचतात, पण नगरपरिषदेची बातमी टाकली की कोणी उघडत नाही. सभेला गेला तर दारातच पत्रकाराचं कार्ड मागितलं. एका नगरसेवकाच्या कार्यकर्त्यानं "गावाची बदनामी कशाला करतो" असं ऐकवलं. तो विचारतो, हे काम पुढं न्यायचं असेल तर नेमकं काय करू?

भाऊ, मी लातूर आणि परभणी या दोन जिल्ह्यांत मिळून सव्वीस वर्षं तालुका वार्ताहर होतो. त्यातली बरीच वर्षं नगरपरिषदेच्या जिन्यावरच गेली. त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही टाकलेल्या तीन बातम्या प्रश्नासोबत दिल्यात, त्या वाचल्या. "सर्वसाधारण सभेत विविध विकासकामांना मंजुरी" हा एक मथळा आहे. आत विविध कामं कुठली ते नाही. कुठल्या प्रभागातली, किती रकमेची, कधी सुरू होणार, काहीच नाही. हे तुम्ही प्रेसनोटवरून उतरवलंय, आणि प्रेसनोट ज्यानं लिहिली त्याला एवढंच सांगायचं होतं. वाचकाला त्या इमारतीत काय झालं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्या गल्लीत काय होणार ते त्याला हवं असतं. वाचक कमी आहेत असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, बातमी अजून गल्लीपर्यंत आलेलीच नाही.

निधनवार्तेला मात्र कमी लेखू नका. मी नवा होतो तेव्हा निधनवार्ता घ्यायला कंटाळायचो. नंतर कळलं, गाव आपल्याला जोखतं ते तिथंच. नाव बरोबर, वय बरोबर, मुलं-सुना-नातवंडांची नावं बरोबर, अंत्यविधी किती वाजता आणि कुठल्या स्मशानभूमीत, दफनविधी असेल तर कुठल्या कब्रस्तानात आणि कुठल्या नमाजनंतर. हे वर्षभर न चुकता दिलं की लोक म्हणतात, याच्याकडं आलं म्हणजे खरं. उद्या तुम्ही ठरावाची बातमी द्याल तेव्हा तोच विश्वास कामी येतो. तेव्हा ते तीन हजार वाचक म्हणजे तुमची कमाई आहे, अडचण नाही.

आता सुरुवात पाण्यापासून करा. आपल्या भागात नळाला रोज पाणी येणारी गावं किती, ते तुम्हालाही माहीत आहे. कुठं चौथ्या दिवशी, कुठं आठव्या, उन्हाळ्यात कुठं बाराव्या. प्रत्येक घर त्या दिवसावर चालतं. धुणं त्या दिवशी, पाहुण्यांना बोलावणं त्यानंतर, आणि मुलीला शाळेत पाठवायचं की नळावर थांबवायचं तेही त्यावरच. तरी कुठल्या भागाला कधी पाणी सुटणार हे छापील कुठंच नसतं. ते फक्त व्हॉल्व्हमनला, म्हणजे भागाभागाचं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, ठाऊक असतं.

मी एका गावात एक वही घातली होती. पाणीपुरवठ्याच्या हिशेबानं गावाचे जितके भाग पडतात, त्या प्रत्येक भागात एक माणूस धरला. बहुतेक ठिकाणी बाईच धरली, कारण नळ किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे घरातल्या बाईइतकं नेमकं कोणी सांगत नाही. तिचा निरोप यायचा, "पाच चाळीसला आलं, सव्वासहाला गेलं, धार बारीक." मी तेवढंच लिहून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी छापायचो. टीका नाही, मागणी नाही, नुसती नोंद. पहिल्या महिन्यात कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात वही समोर ठेवली तर स्पष्ट दिसत होतं, की टाकीच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीला सहाव्या दिवशी पाणी मिळतं आणि वेशीपलीकडच्या वस्तीला दहाव्या. ते आम्ही तारखांसह दिलं, तेव्हा नगर अभियंत्यानं स्वतः फोन करून सांगितलं, की त्या वस्तीची वाहिनी जुनी चार इंची आहे आणि टाकी पूर्ण भरत नाही तोवर वर दाब जातच नाही. तोपर्यंत सगळं गाव समजत होतं, की तिकडचा नगरसेवक कमी पडतो.

हे तुम्हाला व्हॉट्सॲपवर माझ्यापेक्षा सोपं आहे. रोज सकाळी आठला एकच संदेश टाका. आज कुठं सुटलं, किती वेळ, उद्या कुठं अपेक्षित. तो कोणी न उघडता पुढं सरकणार नाही.

आणि पाणी सुटलं नाही त्या दिवशी कारण विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. धरणात पाणी आहे म्हणजे नळाला यायला हवं, असं आपण समजतो. मधे जॅकवेल, म्हणजे धरणातलं पाणी उपसायची विहीर, असते, पंप असतो, विजेची वाहिनी असते, जलशुद्धीकरण केंद्र असतं, तुरटीचा साठा असतो, मुख्य वाहिनीवर कुणी रस्ता खोदताना जेसीबी घातलेला असतो. नगरपरिषदेचं वीजबिल थकलेलं असतं. या प्रत्येकाला जबाबदार माणूस वेगळा आहे.

मी हे न विचारता एकदा लिहिलं. एका भागाला आठवडाभर पाणी नव्हतं, लोक चिडलेले होते, आणि त्यांनी व्हॉल्व्हमनचं नाव घेतलं. मी ते नाव छापलं. दुसऱ्या दिवशी त्याला चौकात धक्काबुक्की झाली. नंतर कळलं, पंपाचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि उरलेलं पाणी रुग्णालयाच्या भागाला आधी सोडा असा लेखी आदेश त्याच्या खिशात होता. मी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली, पहिल्या पानावर दुरुस्ती दिली. पण त्याची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती, आणि कितीतरी दिवस माझी मुलगी माझ्याशी बोलली नाही. तालुक्याच्या गावात ज्याच्याबद्दल लिहाल तो संध्याकाळी मोंढ्यात समोर येतो. म्हणून माझा नियम झाला: खालच्या कर्मचाऱ्याचं नाव शेवटी, आणि त्याची बाजू हातात असल्याशिवाय कधीच नाही.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होतं. सगळ्या देशाचे कॅमेरे स्टेशनवर होते. शहरातल्या माणसाला विचारलं तर त्याचा प्रश्न एकच होता, ते पाणी माझ्या गल्लीत टँकरनं कोणत्या दिवशी येणार? गाडीच्या बातमीपेक्षा त्या एका ओळीला जास्त गिऱ्हाईक होतं. स्थानिक बातमी म्हणजे काय, हे मला तेव्हा पुरतं उमगलं.

आता सभेकडं वळू. दारात कार्ड मागितलं म्हणून परत येऊ नका. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार नगरपरिषदेची सभा लोकांना खुली असते. एखाद्या विषयापुरती ती बंद ठेवण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, आहे, पण मुळात दार उघडं आहे, आणि ते पत्रकाराइतकंच तुमच्या आईलाही उघडं आहे. तरी दारात वाद घालू नका. सभेच्या चार दिवस आधी नगराध्यक्षांच्या नावे साधा अर्ज द्या, "मी अमुक प्रभागाचा रहिवासी, सभा ऐकण्यास उपस्थित राहू इच्छितो." आवक विभागाचा शिक्का असलेली प्रत खिशात ठेवा. मोबाईलवर चित्रीकरण करायचं असेल तर वेगळी परवानगी मागा. ते गृहीत धरलं की पहिल्याच दिवशी बाहेर काढतील, आणि मग सभा ऐकायचीही राहील.

तुमच्या पिढीची एक अडचण मी समजू शकतो. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस किंवा २०२२ च्या सुरुवातीला संपली आणि पुढची चारेक वर्षं प्रशासकच, म्हणजे सरकारनं नेमलेले अधिकारीच, होते. सभागृहाला कुलूप. ठराव व्हायचे, पण एका माणसाच्या सहीनं. २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक ठिकाणी मतदान झालं, २१ डिसेंबरला मोजणी झाली, आणि आता सभा पुन्हा भरू लागल्यात. निम्म्या सदस्यांनाही इतिवृत्त, म्हणजे सभेच्या कामकाजाची नोंद, कसं वाचायचं ते माहीत नसतं, कारण त्यांनीही ते कधी पाहिलेलं नाही. तुम्ही शिकलात तर त्यांच्या बरोबरीनं शिकाल.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, म्हणजे आपण म्हणतो तो अजेंडा, सदस्यांना काही दिवस आधी मिळते. ती मिळवणं तुमचं पहिलं काम. कोणताही एक नगरसेवक देतो. विरोधातला लवकर देतो, पण त्याच्याकडून नेहमी घेतलीत तर तुम्ही त्याचे होऊन बसता. म्हणून सभा लिपिकाकडून घ्या, चहा पिऊन, मान ठेवून. सभा लिपिक म्हणजे नगरपरिषदेची स्मरणशक्ती. मी जे शिकलो त्यातलं निम्मं एका सभा लिपिकानं शिकवलं. त्यांनी मला कधी कागद चोरून दिला नाही. कुठला कागद मागायचा तेवढं सांगायचे.

अजेंड्यात शेवटची ओळ असते, "ऐनवेळी येणारे विषय". तिच्यावर बोट ठेवा. सभेनंतर इतिवृत्त तयार झालं की मूळ अजेंडा आणि इतिवृत्त शेजारी ठेवून वाचा. आधी छापलेले विषय चौदा आणि मंजूर झालेले बावीस असतील, तर वरचे आठ कुठून आले? ते कुणी मांडले, कुणी अनुमोदन दिलं, चर्चा झाली का? त्यात एखादी खरी तातडी असते, जसं स्मशानभूमीची शेड वाऱ्यानं उडाली. एखादा भूखंड भाडेपट्ट्यानं द्यायचा विषयही त्यातच सरकवलेला असतो. सभेत बसलेल्या माणसालाच फरक कळतो. आणि ठराव कायद्याला धरून नसेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं दाद मागता येते, हे कलम पाठ असू द्या. विरोधी सदस्य त्याचा उल्लेख करतील तेव्हा बातमी तिथंच आहे.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात आवडतं. एक काम निवडा. एकच. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा सिमेंट रस्ता घ्या, किंवा नाली. आणि त्याची फाईल जन्मापासून शेवटपर्यंत पाळा. ठराव कधी झाला, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (हिशेबातल्या कुठल्या खात्यातून) येणार, तांत्रिक मान्यता कुणी दिली, प्रशासकीय मान्यता कधी, निविदा कधी निघाली, किती जणांनी भरली, किती टक्के कमी दरानं गेली, कार्यारंभ आदेशात मुदत किती, मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीत, काय लिहिलं, देयक कधी निघालं, दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, किती वर्षांचा. ई-निविदा असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. एकाच रस्त्याचे तीन तुकडे करून तीन छोटी कामं दाखवली असतील, तर समजा की ज्या रकमेपासून ई-निविदा काढावी लागते त्या मर्यादेखाली राहायचं होतं. तेव्हा प्रश्न विचारा.

रस्त्याची जाडी तुम्हाला मोजता येणार नाही, लांबी येते. मी आणि आमचा छायाचित्रकार टेप घेऊन पहाटे गेलो होतो. कागदावर होता त्यापेक्षा रस्ता पुष्कळ आखूड भरला. आम्ही लगेच छापलं नाही. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, अभियंत्याला विचारलं, ठेकेदाराला विचारलं. ठेकेदार म्हणाला, पुढच्या टोकाला दोन घरांचं अतिक्रमण होतं, उरलेलं काम बाजूच्या बोळात केलंय. जाऊन पाहिलं तर खरंच केलेलं होतं. मग बातमी बदलली: बोळाला रस्ता मिळाला, पण ठरावाशिवाय. नुसती टेप घेऊन छापलं असतं तर आम्ही खोटे ठरलो असतो.

निधीबद्दल थोडं. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१-२२ ते २०२५-२६ मधला निधी आपल्यासारख्या गावांना बंधित आणि अबंधित असा दोन भागांत येत होता. साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, उरलेला गरजेप्रमाणं. हे माहीत असलं की "निधी नाही" या उत्तरावर तुम्ही गप्प बसत नाही. कोणता निधी नाही, असं विचारता. अर्थसंकल्पाची सभा होते तेव्हा मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक सोबत न्या. पाणीपुरवठ्याला किती ठरवले होते आणि खर्च किती झाले, एवढं एकच शीर्ष वाचलंत तरी पुरे.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे, पण मी तो शेवटी वापरतो. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. राज्याच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची माहिती द्यावी" असं लिहिणारे फार आहेत आणि त्यांना गठ्ठ्यानं कागद किंवा गठ्ठ्यानं नकार मिळतो. तुम्ही एका कामाची मोजमाप पुस्तिका मागा. प्रत मागण्याआधी अभिलेख पाहायला मागा, पहिल्या तासाला शुल्क नाही. समोर बसून फाईल चाळली की कुठलं पान हवं ते कळतं, आणि लिपिकही वैतागत नाही. ठेकेदाराकडून पैसे उकळायला अर्ज करणारे प्रत्येक गावात दोन-चार असतात. त्यांच्यात तुमची गणना झाली की काम संपलं. म्हणून अर्ज केला की त्यातून मिळालेलं सगळं छापा, त्यात काही गैर नसेल तर तसंही छापा.

आता एक गोष्ट, जी मला फार जवळची आहे. निम्म्या जागांवर महिला आहेत. तुम्ही तुमच्या बातम्यांत नगरसेविकेच्या पतीचं मत दिलंय, दोनदा. हे बंद करा. फोन पतीनं उचलला तर नम्रपणे म्हणा, "ताईंशीच बोलायचंय, सभेत मत त्यांचं आहे." पहिल्यांदा "त्या स्वयंपाकात आहेत" म्हणतील. अर्ध्या तासानं पुन्हा करा. मी असं केलं तेव्हा एका ताईंनी चौथ्या खेपेला फोन स्वतः घेतला आणि सार्वजनिक शौचालयाला आतून कडी नाही, म्हणून बायका रात्रीची वाट बघतात, हे सांगितलं. त्या प्रभागात मी वर्षानुवर्षं फिरत होतो. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, पुरुष असल्यानं कदाचित सांगणारही नव्हतं. पुढच्या सभेत त्या उभ्या राहून बोलल्या. मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं दिलं.

तसंच जुन्या मोहल्ल्यात जा. तिथली म्हातारी माणसं अजून नगरपरिषदेला बलदिया म्हणतात, निजामाच्या वेळेचा शब्द. त्यांच्याकडं पाण्याच्या जुन्या विहिरी, बारवा, नाल्यांचे मूळ उतार यांची माहिती असते, जी कुठल्या नकाशावर नाही. पावसाळ्यात कुठली गल्ली तुंबणार हे ते मे महिन्यातच सांगतात. तुमचे वाचक एकाच जातीचे, एकाच आळीचे असतील तर बातमीही तेवढ्याच आळीची राहते.

बदनामीचं म्हणाल, तर त्या कार्यकर्त्याच्या बोलण्यात भीती किती आणि खरं किती हे मला इथून सांगता येणार नाही. ते तुमच्या गावावर, तुमच्या घरच्या परिस्थितीवर, कोण कुणाचा नातेवाईक यावर अवलंबून आहे. कुणाला दुकान चालवायचं असतं, कुणाचा भाऊ नगरपरिषदेत रोजंदारीवर असतो. ज्या दिवशी धोका वाटेल त्या दिवशी एकट्यानं छापू नका, जिल्ह्याच्या दैनिकातल्या कुणाला तरी सोबत घ्या. कायद्यानं पाहिलं तर खरी आणि लोकहिताची गोष्ट बदनामी ठरत नाही, पण खरं आहे हे कागदानं दाखवता आलं पाहिजे. म्हणून कागद, तारीख, आणि समोरच्याची बाजू. बाजू मागितली आणि दिली नाही तर "बुधवारी दुपारी विचारलं, उत्तर आलं नाही" असं स्पष्ट लिहा. आणि चांगलं झालं तेही तेवढ्याच ठळक द्या. घंटागाडी वेळेवर आली, जलकुंभ धुतला, कर्मचाऱ्यानं रात्री दोनला फुटलेली वाहिनी जोडली. त्या कर्मचाऱ्याचं नाव अशा वेळी जरूर द्या.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही, पण त्यावरच अशी कामं मोडतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा घ्या, "जाहिरात" असं लिहून द्या, त्यात लाज नाही. नगरपरिषदेचं काम घेणाऱ्या ठेकेदाराची जाहिरात मात्र घेऊ नका. मी ती कधी घेतली नाही, त्यामुळं काही वर्षं फार ओढाताणीची गेली, घरात बोलणीही खाल्ली. पण टेप घेऊन रस्त्यावर उभं राहताना हात थरथरला नाही.

तर या महिन्यात फक्त पाण्याची वही सुरू करा आणि पुढच्या सभेचा अजेंडा मिळवा. बाकीचं नंतर. अजेंडा हातात आला की त्यातले विषय इथं टाका. कुठल्या विषयाची फाईल आधी पाहायची, ते आपण मिळून ठरवू.